राख मोजताना

मूठभर लाल शेवाळ दिलं होतं आईनं,
भट्टीतून परत आली चिमूटभर राख.
“बाकीचं कुठं गेलं?
मकास्सरची वीज खाते काय?”

बोनेच्या आखातावर आमची तीन तळी.
नदीच्या तोंडाशी पहिलं: पाणी बारा, पूर आला की सहा.
मधलं पंचवीस.
तिसरं बांधाच्या टोकाला,
काठावर मिठाचे पापुद्रे धरतात,
तिथं माझी काच डोळ्याला लावली
की रेघ अडतीसवर.
बीज एकच. तेन्री मावशीकडून
एका होडीत, एका पाटीत आणलेलं,
गुडघाभर पाण्यात उभं राहून आईनंच विस्कटलेलं.

पहिल्या तळ्यातलं फुगलं, फिकटलं,
चिमटीत धरताच मोडतं.
ला तिन्रो वजनकाटा खांद्यावर टाकून येतो,
एक काडी तोडून म्हणतो, पाणचट.
आणि भाव पाडतो.
मधलं लांबसडक, काळपट तांबडं.
शिजवलं तर अगर असा धरतो
की वाटी उलटी केली तरी सुटत नाही.

तिसरं खुरटं. राठ.
राख सगळ्यांत जास्त त्याचीच;
पाण्यातला खार अंगात मुरला, जळायचं नाव घेत नाही.

पण दुसऱ्या चाचणीत त्याच खुरट्या काडीत
एक साखर सापडली.
पाणी जितकं खारं तितकी जास्त.
जिभेला लागावी अशी नव्हे.
बाहेरचं मीठ आतलं पाणी ओढू बघतं,
म्हणून पेशीनं आत मांडून ठेवलेलं वजन,
दाराला आतून लावलेल्या पेटीसारखं.

हे मी आईला सांगितलं,
ती जाळ्यातून खेकडे निवडत होती.
“त्या साखरेचे पैसे मिळतात?”
नाही.
“मग ला तिन्रोला सांगू नकोस.
त्याचाही भाव पाडील.”

बाबा तवाऊला गेले ते ताडाच्या मळ्यावर,
पहिली दोन वर्षं पैसे यायचे.
तेव्हापासून तिसरं तळं तीच बघते.
तिला कुणी काही विचारलं नाही,
मीही नाही.
माझ्या वहीत तीन रकाने आहेत,
चौथा आखायला जागा होती.

संध्याकाळी भरती चढली.
आई फळीपाशी गेली,
ओंजळीतलं पाणी चाखून थुंकली,
म्हणाली, “तीस.”
काच एकतीस दाखवत होती.
मी तीस लिहिलं.