काही सापडलं का?

फार्मसीचा निकाल. दुसऱ्यांदा तोच विषय, तेवीस मार्क.
मोबाईल पालथा ठेवून रात्रभर गच्चीवर पडून राहिले.
फरशी दिवसाचं ऊन सोडत नव्हती,
आणि पलीकडे टॉवेलच्या कारखान्यात माग खडखडत होते,
माझं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच जणू.

चार वाजता खाली चूल पेटली.
सुवार्तामावशी कडक भाकऱ्यांची ऑर्डर थापत होती,
शंभर, सात रस्त्याच्या दुकानाची.
माझ्याकडे न बघताच म्हणाली,
"पेत्राची ती रात्र आठव.
जाळं रिकामं. काठावरून प्रभूनं विचारलं, काही सापडलं का?
कुणी सबबी सांगितल्या नाहीत.
नाही म्हणाले, एवढंच."

"पण मग जाळं भरलं ना त्यांचं."

"ते मोजलं नंतर गं.
त्याआधीच काठावर निखारे फुललेले होते,
भाकर तयार होती."

तव्यावरची एक तिनं माझ्यापुढे सरकवली,
कडक व्हायच्या आधीची, मऊ,
वर शेंगांची चटणी.

फॉर्म पुन्हा भरेन की नाही, ठाऊक नाही.
डोळे मिटले. प्रार्थना सुचली ती एकाच शब्दाची:
नाही.
मग तुकडा मोडला.
बोटं भाजली.