गोल पेशी

डबी हातात धरून आणू नका, आतल्या खिशात ठेवा,
असं मी फोनवर सांगते. अंगाची ऊब हवी तिला.
आणि तासाच्या आत.
फुरसुंगीहून मंगळवार पेठेत तासात कसं पोचायचं
ते मला विचारू नका. बुधवारी तर नकोच.
बुधवारी खाली जुना बाजार असतो,
गंजके पाने, एका पायाचे बूट,
कानाशी हलवून बघायची घड्याळं.

डबीवर मी नाव लिहीत नाही, नंबर लिहिते.
नाव तरी कळतंच.
निवृत्ती झेंडे. गोदामावर रात्रपाळी.
आला तो गणवेशातच, खिशातून शिट्टीची दोरी लोंबत होती
आणि त्याच खिशात डबी.

वीस मिनिटं थांबायचं, पातळ होईपर्यंत.
मग काचेवर एक थेंब.
शेपटीवाले पळतात, त्यांचं कौतुक सगळ्यांनाच.
मी बघते न पळणाऱ्या.
गोल.
त्यांतली काही अजून शुक्राणू न झालेली अर्धकच्ची पोरं,
काही पांढऱ्या पेशी. दिसायला सारख्याच.
रंग टाकला की पांढऱ्या तपकिरी होतात.
सगळ्या नाही.
ज्या होत नाहीत त्यांचीच मला धास्ती.

नवी होते तेव्हा वाटायचं, या इथे कशाला?
रक्तात ठीक आहे.
मुजावर सर म्हणाले, अहो, मेलेलं कोण उचलणार?
वाट कोण राखणार?
कुठे जळजळ झाली की आणखी येतात, धावत येतात.
आणि जितक्या धावत येतात
तितकं त्यांच्या अंगातून येतं.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
हे कुंपण काही खात नाही हो.
त्याच्याच वहीत कुणीतरी मधल्या पानावर
एक ओळ लिहून ठेवली आहे, त्याच्याच अक्षरात.
गोळ्या घेतल्या, रक्त शांत झालं,
कागदावर विषाणू मोजण्याइतका उरला नाही.
ओळ तशीच.
आणि हे बिचारं जागं, कामावर,
दुसऱ्याच्या घरात शिरतं राखण करायला.

झेंडे दारात उभे. बसा म्हटलं तरी उभे.
"ताई, दिसतो का तो त्यात?"
नाही, म्हटलं, तो या भिंगातून दिसत नाही.
"मग त्या गोल कोण?"
त्या तुमच्याच.
बराच वेळ बघत राहिले ते, एक डोळा मिटून,
गोदामाच्या दाराला फट असावी तसं.
"माझ्याच," म्हणाले.

मंजुळाबाई बाहेर बाकावर होत्या.
त्यांच्या रक्तात काही नाही, तीनदा बघितलंय.
मूल हवंय त्यांना. सासूला नाही, यांनाच हवंय, हे त्यांनी
न विचारता सांगितलं.

मग धुणं. नळीत जड पाण्याचे दोन थर,
वर अलगद नमुना, आणि यंत्र गरगरतं.
नीट वाढलेले तळाशी जातात.
गोल पेशी मध्येच अडकतात,
दुधावरच्या सायीइतकी एक कड.
ती मी ओढून घेते आणि ब्लीचमध्ये सोडते.
रोजचं काम आहे. तरी त्या दिवशी
सोडताना जरा थांबले.
कुणाला सांगणार, काय म्हणून थांबलीस?

शुक्रवारी कागद आला: आढळला नाही.
मंजुळाबाईंनी विचारलं, म्हणजे नाहीच ना?
म्हटलं, आढळला नाही.
त्यांनी त्या दोन शब्दांकडे असं बघितलं
की तेल संपत आलेल्या बाटलीकडे बघावं,
आजचं भागेल.
आणि सही केली.

आमच्या दत्तवाडीच्या गल्लीत रात्री
राखणदार काठी आपटत जातो.
दूर जाते, वळते, परत येते.
मी पडल्या पडल्या मोजते. सवय.
एखादी रात्र काठी लवकर वळत नाही,
तेव्हा उठून बसते.