शून्य चुका

ओउलूत दुपारी तीनलाच अंधार.
हिल्का पडद्यावर कपॅसिटर सरकवते
चिपच्या कुशीत; अजून अर्धा मिलिमीटर.

तपासणी लावली: एकेचाळीस चुका.
दोन वाटा एकमेकींना घासणाऱ्या,
एक भोक पार कडेला चिकटलेलं.
एक वाट सोडवावी तर दोन अडतात,
म्हणून अख्खा कोपराच उसवला.
कॉफी निवली. पुन्हा तापवली नाही.

रात्री नऊ. एक उरली:
एका पायाला अर्थ नाही.
हसली. जमिनीला टेकवला.
शून्य.

तरी फाइल पाठवेना.
कागदावर तेवढ्याच मापाचा बोर्ड छापला,
डबीतला खरा ट्रान्झिस्टर त्यावर ठेवला.

पाय उलटे,
आरशातल्यासारखे.

यंत्र म्हणतंय, सगळं ठीक.
हिल्का चिमट्याने तो उचलते, पुन्हा ठेवते,
दिवा जवळ ओढते.