अठ्ठेचाळीस मिनिटं

सांगलीच्या हळद यार्डामागं, शीतगृहाच्या माळ्यावर
लोखंडी कपाटात सर्व्हर आहे.
अंगावर मार्करनं लिहिलेलं:
'चालू आहे. हात लावू नये.'
खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख
आणि सही. माझीच.

रात्रीचे सव्वाअकरा. सकाळी दहाला सौदे.
झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर.
फुंकर मारली आणि शिंकले.
दारातून जिनगोंडा मगदूम म्हणाले,
"राजापुरी. शिंकेवरनं कळतंय."

पेनड्राइव्ह अंगठ्याच्या नखाएवढा.
दुपारी तीनदा बनवला, दोनदा बूटच होईना.
"एवढ्याशात काय मावतं, ताई?"
यंत्र जागं व्हायच्या आधी त्याला जे ठाऊक असतं, ते.
आपण कोण, आपल्या डिस्क किती,
तापलो तर पंखा केवढ्यानं फिरवायचा.
शिवाय नवे ड्रायव्हर.

"ड्रायव्हर?"
मगदूम वीस वर्षं निपाणी-वाशी ट्रक चालवत होते.
"मग जुन्यानं काय केलं?"
काही नाही, म्हटलं. रस्ता बदलला, त्याला कुणी सांगितलं नाही.
ते बराच वेळ बॅटरी चालू-बंद करत राहिले.
"व्हय," म्हणाले. "असं होतं."

एफ-अकरा दाबलं. काळा पडदा, मग निळा.
मग पट्टी सरकू लागली
आणि सगळे पंखे एकदम ओरडले,
खालच्या पोत्यांवरची मांजर पळाली.
बासष्टवर थांबली. बासष्ट. बासष्ट.
अशा वेळी वीज गेली तर हे कपाट म्हणजे नुसतं कपाट.
"जनरेटरात डिझेल?"
"मीच भरलंय. बसा की."

थर्मासमधला चहा त्यांनी मला ओतला, स्वतःला नाही.
सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही, म्हणाले,
त्यात सांगण्यासारखं काही नसल्यासारखं.

अडीच वाजता कंट्रोलरनं डिस्क विचारल्या.
सात पटकन बोलल्या. आठवी गप्प.
पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे इथं,
बघणाऱ्याला काही कळायचं नाही,
फक्त अडत्याचा चेहरा.
मी त्या हिरव्या दिव्याचा चेहरा बघत होते.
लागला.

पाचला सगळं उठलं. आवृत्ती नवी,
लॉट जुनेच, एकही गहाळ नाही.
मार्कर सुकलेला. दोनदा गिरवून तारीख टाकली.
'हात लावू नये' तसंच राहू दिलं,
खाली लिहिलं: 'विचारून लावावा', आणि माझा नंबर.
शेजारी पिवळं बोट उमटलं ते पुसलं नाही.

गच्चीवर उजाडलं.
आता तरी घ्या, मी कप पुढं केला.
मगदुमांनी घड्याळ बघितलं,
"उगवल्यावर अजून अठ्ठेचाळीस मिनिटं."
खाली पहिला टेम्पो मागं घेत होता,
कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे, बास.
मी माझ्या कपावर बशी झाकली.