तान म्हणजे आखूड

मचाणावर रेंज येते, घरात येत नाही.
म्हणून लॅपटॉप मांडीवर, चार्जर घरी,
बॅटरी एकोणचाळीस टक्के,
आणि पुण्याच्या ऑफिसला सोमवारी हवीत चौदा पानं :
जपानी सैन्याचं, जमिनीवरून आभाळात मारायचं,
ट्रकवर बसून हिंडणारं क्षेपणास्त्र.
त्याची जन्मकथा.

खाली दीड एकर ज्वारी, दुधात आलेली.
भोवती काढून झालेल्या सोयाबीनचं उघडं शिवार,
नेहाऱ्यांचं, कडूंचं, पार पुलगावच्या रोडापर्यंत.
त्यामुळे तालुक्यातला झाडून सगळा मिठू
आमच्याच कणसांवर.
बाबा उभे. हातात अंबाडीची गोफण.

"काय लिवून रायली वं?"
मी नाव सांगते : तान-सॅम.
"तान?" गोफणीची दोरी दोन्ही हातांनी खेचून दाखवतात,
"अशी?"
नाही बाबा. तिकडं तान म्हणजे आखूड.
जवळच्या पल्ल्याचं.
"आखूड अन् तान!"
कितीतरी वेळ हसतात.
"तान देल्याबिगर दगड जाते का कुठी?"

सहासष्ट साली काम सुरू झालं,
एक्याऐंशीत सैन्यात आलं.
एका गाडीवर रडार, दोन गाड्यांवर चार-चार क्षेपणास्त्रं.
भरताना गाडीचे हात बाजूला खाली येतात,
जू घ्यायला बैलानं मान वाकवावी तसे
(मूळ मजकुरात बैल नाही, तो खोडावा लागेल).
मारायचं, आणि जागा सोडायची.

"म्हंजे मचानाले चाकं."
हो.
"चाकं लावाले पंधरा वर्सं?"
चाकांना नाही, डोळ्याला लागली.
टोकाला डोळा असतो, तो ऊब शोधत जातो,
विमानाच्या इंजिनाची.
बाबा कपाळाशी हात धरून पूर्वेला बघतात.
मिठू उन्हाच्या बाजूनंच येतात,
हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक आहे.
"मंग सूर्य? थो त सगळ्याइन गरम."

सातव्या पानावर हाच प्रश्न आहे,
इस्त्री केलेल्या भाषेत.
पुढच्या आवृत्तीत डोळ्याला आकारही कळू लागला,
नुसती ऊब नाही, पंखांची कड.

त्या डोळ्यासाठी शब्द अडलाय सकाळपासून.
शोधक लिहिलं, खोडलं. वेधी. खोडलं.
बाबांना विचारते,
जो बरोबर जाऊन लागतो त्या दगडाला काय म्हणता?
"लागते थो दगड. नाई लागत थो बी दगडच.
डोया आपला असते."

थवा येतो. हिरवा, किंचाळत, थेट उन्हातून.
गोफण डोक्यावरून तीनदा फिरते
आणि शेंड्याचा वाख फाटकन वाजतो.
थवा वळतो, धुऱ्यावरच्या बाभळीत जाऊन बसतो,
जाणार कुठं.
गोफणीच्या खोळीत दगड नव्हताच.
"कधीच नसते वं. दगडानं कनूस तुटते."

मचाणाच्या कोपऱ्यात दगडांचा ढीग आहे,
गोल, एका मापाचे.
चौथीत असताना नदीतून मीच वेचून आणलेले,
फ्रॉकच्या ओच्यात, कितीतरी खेपा.

"अन् त्याईनं? किती पाडले?"
एकही नाही. लढाईत कधी डागलंच नाही.
बाबांना नवल वाटत नाही.
"मंग ठेवते कुठी एवढं?"
डेपोत.
"पुलगावसारख्या?"
हो.

ते काही बोलत नाहीत.
त्या रात्री आमच्या गोठ्याचे पत्रे वाजले होते,
आणि सकाळी बाबा सायकलनं
कुणाच्या तरी दारात बसायला गेले होते.
मी विचारलं नव्हतं, कुणाच्या.
चौदा पानांत त्याला जागा नाही.

बॅटरी अकरा टक्के.
मी 'डोळा' लिहून ठेवते. पुण्यात बदलतील.
बाभळीत कालवा सुरू झालाय.
बाबा पाय रोवतात.
"मान खाली घे," म्हणतात, "दोर लागन."