दुसरी सुई

पहिल्या सुईने नुसतं रक्त आणलं.
काचेवर लाल तळं, काठाला चार मेलेल्या पेशी.
मी लिहिलं: नमुना अपुरा.
खोटं नव्हतं ते.
पण गुन्वोरने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला
आणि तीन आठवडे
बसच्या तिकिटांसोबत वागवला.

यकृत बिघडतं त्याची कारणं बहुधा ओळखीची.
जुनी कावीळ, दारू, साठलेली चरबी.
ओड्वारकडे यातलं काहीच नाही.
रक्तातली खूण कोरी.
स्कॅनवर डाग, शाईचं पेन झटकावं तसे.
दुसरीकडून आलं असेल, म्हणाले.
मग दुसरीकडे शोधलं:
आतडं, फुफ्फुसं, पाठीवरचा एकेक तीळ.
दुसरीकडे कोणी नव्हतं.

मी सहसा वॉर्डात जात नाही.
माझी माणसं काचेवर असतात,
चार मायक्रॉन जाडीची, गप्प.
त्या दिवशी गेले.
जानेवारी. खिडकीत राखाडी फियॉर्ड.
संमतीपत्रावर सही करताना
पेन त्याच्या हातून निसटलं.
बोटांची टोकं आखूड, चपटी,
नखं लांबीपेक्षा रुंद,
कुणी वरून दाबून बसवल्यासारखी.
"थंडीत पांढरी पडतात," गुन्वोर म्हणाली,
"लग्न झाल्यापासून बटणं मीच लावते."

काम काय करायचात?

तो हसला. इतक्या महिन्यांत
हे कुणी विचारलंच नव्हतं.
"टाकीत उतरायचो. तिच्यात प्लास्टिक शिजायचं.
भिंतीला धरलेली खरवड काढायची, हातांनी.
वास गोडसर. डोकं हलकं व्हायचं.
फोरमन म्हणायचा, फुकटची बिअर."
सदुसष्ट ते त्र्याहत्तर.

जिना उतरतानाच मला कळलं.
पण कळणं आणि दिसणं
यांच्यामध्ये एक रात्र लागते, रंग चढायला.

सकाळी रागन्हिल्डने काच ठेवली, बोलली नाही.
यकृताच्या पेशींच्या रांगांमधून,
रक्ताच्या जुन्याच वाटांनी,
वाटांचं अस्तरच रानटी होऊन पसरलेलं.
केंद्रकं तपकिरी, एकूण एक.
अँजिओसार्कोमा.
बावीस वर्षांत माझ्या टेबलावर दुसऱ्यांदा.
पहिल्या वेळी मी कामाचं विचारलं होतं का?
आठवत नाही.

गुन्वोरने नाव दोनदा म्हणायला लावलं,
अक्षर अक्षर लिहून घेतलं.
मग पेनाला टोपण घालत म्हणाली,
"टाकीत हा एकटा नव्हता.
बाकीच्यांना कोण सांगणार?"

ओड्वार डोळे मिटून
बोटांवर नावं मोजत होता,
प्रत्येक बोटाच्या
संपलेल्या टोकापाशी
थोडं थांबत.