हातचा

लोफोटेनला मार्चात कॉड शेपटीशी बांधून
लाकडी मांडवांवर जोडीजोडीनं टांगतात.
जूनच्या तोंडाला उतरवतात, तोवर
पाचातले चार वाटे वाऱ्यानं खाल्लेले असतात.
नक्की किती खाणार, ते आधीच सांगावं लागतं.
इटलीतलं गिऱ्हाईक एप्रिलातच आकडा मागतं.

इतकी वर्षं तो आकडा ओडलाइव्हकडून यायचा.
अंदाजपंचे नव्हे.
मांडवाखालून चालायचा, एखादा मासा दाबून बघायचा,
नाकाशी न्यायचा.
"यंदा थोडं जास्त सुकेल."
थोडं म्हणजे किती?
"थोडं म्हणजे थोडं."
बेरजेत आपण हातचा धरतो ना,
त्याच्या तो खरोखर हातात असायचा.

मग त्याचे गुडघे गेले.
ऑफिसनं मला सांगितलं, शीटमध्ये बसव त्याला.
तीन रविवार त्याच्या स्वयंपाकघरात, काळी कॉफी, माझी वही:
वारा ईशान्येचा असेल तर?
पाऊस लांबला तर?
तो उत्तर द्यायचा आणि लगेच मागे घ्यायचा.
पंधरा "जर" झाले, अकरा "नाहीतर".
फंक्शनला नाव त्याचंच दिलं.
बरोबरचं चिन्ह, ओडलाइव्ह, कंस,
ओलं वजन, वाऱ्याची दिशा, पावसाचे दिवस, कंस पुरा.
एंटर.
चारशे सात रकान्यांत तो एकदम हजर,
एकाही ठिकाणी न लंगडता.

दाखवायला त्याला आणलं.
कपाळावरचा चष्मा त्यानं खाली ओढला.
"हा शेजारच्या रकान्यात ढवळाढवळ करतो?"
नाही. विचारलं तिथंच उत्तर देतो, बाकी कशाला हात लावत नाही.
"बरं आहे. मला ते कधी जमलं नाही."
आणि मग,
"खिडकीबाहेर बघतो?"
नाही. कंसात दिलं तेवढंच त्याचं जग.

बराच वेळ गप्प होता.
"शेवटी आणखी एक जागा ठेव," म्हणाला,
"रिकामी राहिली तरी चालेल अशी."
कशासाठी?
त्यानं अंगठा बोटांवर घासला,
चिमटीत एखादं खवलं तपासावं तसा.

ठेवली. भरली नाही तर शून्य धरायचं.
गेली चार वर्षं शून्यच धरतोय.

परवा नवी मुलगी, यूरुन, विचारत होती,
हा शेवटचा कॉलम कुणी भरतच नाही,
काढून टाकू?
म्हटलं, आधी मांडवाखालून एक चक्कर मारून ये.

तासाभरानं आली, नाक लाल,
बोटांना वास.
कोट न काढताच बसली.
०.०२ लिहिलं.
खोडलं.
०.०३.